नकाशात नसलेली गल्ली

तुमच्या घरी पहिल्यांदाच येणाऱ्या माणसाला तुम्ही फोनवर पत्ता कसा सांगता, ते जरा आठवा. 'मारुतीच्या देवळापासून आत या, पुढं पिठाची गिरणी लागेल, गिरणीला लागून एक बोळ आहे, बोळात निळं गेट.' असंच ना? घर सांगलीत असो, इंदूरला असो की बडोद्याला, आपण सगळे पत्ता असाच सांगतो. घर नंबर आपल्या स्वतःच्याही लक्षात नसतो. तो आधार कार्डावर असतो, तेवढं पुरे.

आता असं समजा, की देवळाचा फक्त कळस दिसतोय. गिरणीची पाटी पाण्याखाली आहे, निळं गेटही पाण्याखाली आहे. आणि तुम्ही हा पत्ता सांगताय बोटीतल्या एका माणसाला, जो आयुष्यात पहिल्यांदाच तुमच्या गावात आलाय.

ऑगस्ट २०१९ मध्ये मी हेच करत होते.

मी सांगलीची. तेव्हा इंग्रजी घेऊन बीएच्या दुसऱ्या वर्षाला होते. आमचं घर विश्रामबागेत, त्यामुळे आमच्याकडे पाणी आलं नाही. माझी मावशी मात्र दत्तनगरच्या बाजूला राहते. कृष्णा गावात शिरते ती आधी त्याच भागात. आयर्विन पुलापाशी पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा आणि ४५ वर गेलं की धोका, हे आकडे आमच्याकडे शाळकरी पोरांनाही पाठ असतात. त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं.

मावशी, काका आणि काकांच्या ऐंशी वर्षांच्या आई वरच्या मजल्यावर अडकल्या होत्या. वीज नाही, प्यायला पाणी नाही. मावशीच्या फोनमध्ये चौदा टक्के चार्जिंग उरलं होतं. ती फोन बंद ठेवायची आणि दर दोन तासांनी पाच मिनिटं चालू करायची. त्या पाच मिनिटांत तिनं मला लोकेशन पाठवलं. मी ते मदतीच्या नंबरवर पाठवलं. मदतीला आलेल्या बोटीतल्या एका जवानाशी माझं बोलणंही झालं. ते हिंदीत विचारत होते, 'किस गली से अंदर आना है?' आणि माझ्या हातातल्या फोनवरच्या नकाशात गल्लीच नव्हती. दोन मोठ्या रस्त्यांच्या मधे नुसती राखाडी जागा होती आणि त्या जागेत मावशीचा लाल ठिपका. ठिपका होता, पण ठिपक्यापर्यंत जायची वाट नव्हती. पाण्याखाली कुठं कंपाउंडची भिंत आहे, कुठं विजेची तार लोंबतेय, हे माहीत नसताना बोट कुठंही घालता येत नाही. बोट शेजारच्या रस्त्यावरून दोनदा येऊन गेली. मावशीनं वरून परात वाजवली, पण पावसाच्या आवाजात ते कुणाला ऐकू जाणार?

तिसऱ्या दिवशी त्यांना बाहेर काढलं ते त्याच भागातल्या तीन मुलांनी. बोटही कुठून तरी मागून आणलेली होती. त्यांना कुणी पत्ता सांगावा लागला नाही. ती मुलं लहानपणी त्याच बोळांमध्ये क्रिकेट खेळली होती.

यात कुणाचंच काही चुकलं नव्हतं. बाहेरून आलेली माणसं जिवावर उदार होऊन काम करत होती. पण त्या तीन मुलांच्या डोक्यात जे होतं, ते बाकी कुणाकडे नव्हतं. पूर ओसरल्यावर घरातला चिखल काढताना माझ्या डोक्यात हेच फिरत होतं.

ऑक्टोबरमध्ये मला ओपनस्ट्रीटमॅप सापडला. तुम्हाला विकिपीडिया माहीत आहे, तसाच हा नकाशा आहे, कुणीही भर घालू शकेल असा. २००४ साली ब्रिटनमध्ये स्टीव्ह कोस्ट नावाच्या तरुणानं तो सुरू केला. तिथल्या सरकारी नकाशांची माहिती वापरायला पैसे मोजावे लागत आणि अटीही बऱ्याच होत्या, म्हणून लोकांनीच आपला नकाशा काढावा, अशी ती कल्पना. आज जगभर एक कोटीपेक्षा जास्त लोकांनी त्यावर नाव नोंदवलंय. त्यातले प्रत्यक्ष काही काढणारे फार थोडे, पण ते पुढं येईलच. या नकाशातली माहिती कुणालाही फुकट वापरता येते. कंपनी, शाळा, पंचायत, मदत पथक, कुणालाही. अट एवढीच, की माहिती कुठून घेतली ते सांगायचं, आणि ती सुधारून लोकांपुढं ठेवली तर तीही तशीच खुली ठेवायची.

मी खातं उघडलं, उपग्रहाच्या फोटोवर मावशीचं छत शोधलं आणि तिची गल्ली काढली. चार टिचक्यांत एक रेघ. इतका आनंद मला बारावीच्या निकालानंतरही झाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्या रेघेखाली कुणाचा तरी निरोप आला होता. केरळमधल्या एका माणसाचा. त्यानं आधी स्वागत केलं होतं, गल्ली छान काढली आहे असं म्हटलं होतं. आणि मग लिहिलं होतं, की ही गल्ली मोठ्या रस्त्याला जोडलेली नाही. दिसायला चिकटलेली दिसते, पण दोन्ही रेघांचा एक बिंदू सामाईक असल्याशिवाय रस्ता दाखवणाऱ्या ॲपला ती जोडलेली आहे हे कळत नाही. 'मी एक टोक जोडून ठेवलंय, दुसरं तुम्ही जोडून बघा,' असं शेवटी होतं. म्हणजे मी मावशीच्या घरापर्यंत वाट काढली होती आणि ती वाट कुठंच जात नव्हती! मी दुसरं टोक जोडलं.

नंतर कळलं, की तो माणूस २०१८ च्या केरळच्या महापुरात रात्र रात्र बसून घरं आणि रस्ते काढणाऱ्यांपैकी होता. माझी चूक त्याला एका मिनिटात दुरुस्त करता आली असती. त्यानं अर्धीच केली. तेव्हा मला त्याचं काही विशेष वाटलं नव्हतं.

लॉकडाऊनमध्ये मी एकटीच काढत बसायचे. ऑनलाइन लेक्चर चालू, कॅमेरा बंद आणि मी दुसऱ्या खिडकीत बोळ काढतेय. चाळीसेक गल्ल्या झाल्या. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर आला. या वेळी मावशी वेळेवर आमच्याकडे आली होती. पण मला वाटलं होतं, की आता माझ्या नकाशाचा कुणाला तरी उपयोग होईल. झाला नाही. कसा होणार? गावात तो नकाशा आहे हेच कुणाला माहीत नव्हतं. शिवाय माझ्या गल्ल्यांना नावं नव्हती. वरून फोटोत छत दिसतं, बोळ दिसतो. त्या बोळाला लोक काय म्हणतात, तो आरपार आहे की पुढं भिंत आहे, हे वरून दिसत नाही.

हैतीमध्ये १२ जानेवारी २०१० ला भूकंप झाला, तेव्हा पोर्ट-ओ-प्रिन्स शहराचा धड नकाशा नव्हता. जगभरच्या लोकांनी घरबसल्या उपग्रहाच्या फोटोंवरून तो काढला आणि मदत पथकांनी तो वापरला. ही गोष्ट सगळे सांगतात. मला मात्र नेपाळची जास्त पटते. २०१५ च्या एप्रिलमध्ये तिथं भूकंप झाला, तेव्हा काठमांडू लिव्हिंग लॅब्ज नावाचा गट आधीपासूनच कामाला लागलेला होता. त्यांनी कॉलेजच्या मुलांना शिकवून शाळा, दवाखाने, रस्ते नकाशावर आणले होते. भूकंपानंतर जगभरातून हजारो लोक मदतीला आले, तेव्हा त्यांना विचारायला गावातली माणसं होती. आपल्याकडेही अशी माणसं हवीत, एवढं मला कळलं. ती कशी जमवायची, हे नाही कळलं.

म्हणून मी तेच केलं जे सगळे करतात. कार्यक्रम ठेवला.

फेब्रुवारी २०२२. माझ्या जुन्या कॉलेजची कॉम्प्युटर लॅब, 'मॅपेथॉन' असा फलक, सर्टिफिकेट आणि वडापाव. अडतीस मुलं आली. दोन तासांत अकराशे घरं काढली. टाळ्या झाल्या, फोटो झाले. मी घरी येऊन बघितलं तर निम्मी घरं एकमेकांवर चढलेली, काही रस्त्यावर उभी, आणि एक घर तर चक्क कृष्णेच्या पात्रात. पुढचे तीन आठवडे मी ती निस्तरत बसले. महिनाभरानं नकाशावर पुन्हा काही काढणारे उरले दोन. त्यातली एक मी.

सर्टिफिकेट वाटून माणसं येतात, थांबत नाहीत, हे मला एवढा वडापाव खर्ची घातल्यावर कळलं. त्या मुलांचा तरी काय दोष? मी त्यांना कुणाची तरी अनोळखी छतं काढायला लावली होती. स्वतःची गल्ली शोधा, असं एकालाही म्हटलं नव्हतं.

उरलेली दुसरी सिव्हिल इंजिनिअरिंगची मुलगी होती. तिच्या ओळखीनं आम्हाला अण्णा भेटले. अण्णा म्हणजे निवृत्त पोस्टमन. चौतीस वर्षं सांगलीत टपाल वाटलेलं. 'मारुती चौकाजवळ, सांगली' एवढ्या पत्त्यावर आलेलं आंतरदेशीय पत्रही पोचवणारा माणूस! त्यांना फोनवर नकाशा दाखवला तर म्हणाले, 'हे बोटानं मागंपुढं सरकतंय, मला नाही जमायचं. कागदावर दे.'

म्हणून आम्ही झेरॉक्सच्या दुकानातून गल्ल्यांचे मोठे कागद काढून आणले. दर रविवारी सकाळी साडेसातला चहाच्या टपरीवर कागद पसरायचा, कोपऱ्यांवर कप ठेवायचे आणि अण्णा पेन्सिलीनं लिहायचे. 'हा बोळ आरपार आहे.' 'हा आरपार दिसतो, पण मधे एकानं गेट घातलंय, रात्री कुलूप असतं.' 'ह्याला आता सगळे अमुक कॉलनी म्हणतात, पण जुनी माणसं विचारतील तर हे नाव सांगायचं.' मग आम्ही त्या गल्ल्यांतून चालत जाऊन खात्री करायची आणि घरी येऊन नकाशात भरायचं. अशा कामासाठी फील्ड पेपर्स नावाची सोय ओपनस्ट्रीटमॅपवाल्यांनी आधीच केलेली आहे, हे आम्हाला बऱ्याच महिन्यांनी कळलं. आम्ही आपलं झेरॉक्सवालाच गाठला होता.

अण्णांनी पहिल्याच रविवारी विचारलं होतं, 'हे असं नकाशे काढलेलं सरकारला चालतं का?' प्रश्न बरोबर होता. आपल्याकडे नकाशांबाबत पूर्वी परवानग्यांची भानगड बरीच होती. १५ फेब्रुवारी २०२१ रोजी केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागानं नवी मार्गदर्शक तत्त्वं काढून ती खूपच सोपी केली. मी ते सगळं वाचून दाखवलं, तेव्हा अण्णांनी पेन्सिलीला टोक काढलं.

त्यांचं आणि माझं भांडण झालं ते एकाच गोष्टीवरून. त्यांना प्रत्येक घरावर राहणाऱ्याचं नाव लिहायचं होतं. या नकाशात तसं करत नाहीत. दुकानाचं, दवाखान्याचं, देवळाचं नाव लिहायचं, पण खासगी घरात कोण राहतं ते लिहायचं नाही. मला हा नियम पटतो. एकट्या राहणाऱ्या बाईचं नाव साऱ्या जगाला कशाला दिसायला हवं? अण्णांना तो कधीच पटला नाही. 'नाव नाही, तर पत्ता कसला? आम्ही घराला टपाल देत नव्हतो, माणसाला देत होतो,' असं म्हणून त्यांनी एक रविवार चहासुद्धा घेतला नाही. पुढच्या रविवारी आले. नावं लिहिली नाहीत, पण प्रत्येक घरावर बोट ठेवून ती म्हणून मात्र दाखवली.

अण्णांमुळे माणसं यायला लागली. एक रिक्षावाले काका आले, कारण टपरी त्यांच्या स्टँडसमोरच होती आणि पेन्सिलीनं चुकीचं लिहिलेलं त्यांना बघवत नव्हतं. नववीतला एक मुलगा आला. एक आशाताई आल्या. त्यांना त्यांच्या वाट्याची घरं कागदावर हवी होती. नकाशाची आवड म्हणून यातलं कुणीच आलं नव्हतं. प्रत्येकाला आपापलं काहीतरी त्यात दिसत होतं. पिठाची गिरणी नकाशात कोणत्या शब्दानं नोंदवायची, यावर आमचा एक अख्खा रविवार गेला. या नकाशातल्या वस्तूंची यादी युरोपातल्या लोकांनी सुरू केली, त्यामुळे पब आणि बेकरी चटकन सापडतात. गिरणी, रसवंती आणि पार यांच्यासाठी डोकं खाजवावं लागतं.

मग गणपती आले. २०२२ च्या उन्हाळ्यात आम्ही एक वेगळं काम केलं होतं. पुराचं पाणी कुठवर आलं होतं, याच्या खुणा आमच्याकडे लोकांनी भिंतींवर जपलेल्या असतात. ऑइल पेंटची एक आडवी रेघ आणि शेजारी साल. २००५, २०१९, २०२१. आम्ही अशा एकसष्ट रेघा मोजून आणल्या, जमिनीपासून किती उंच ते टेपनं. सिव्हिलच्या त्या मुलीनं ते सगळं क्यूजीआयएसमध्ये टाकलं. नकाशावर कुठलीही माहिती मांडून बघता येईल असं हे सॉफ्टवेअर आहे. २००२ मध्ये अलास्कातल्या गॅरी शर्मन यांनी ते सुरू केलं, आणि आता जगभरातले लोक मिळून ते वाढवतात. तेही फुकट. महागड्या सॉफ्टवेअरच्या बरोबरीचं काम आम्ही तिच्या सेकंडहँड लॅपटॉपवर केलं; फक्त लॅपटॉपचा पंखा मिक्सरसारखा वाजायचा. गुडघाभर पाणी फिकट निळं, डोक्यावरून पाणी गडद निळं. त्याचा चार फुटी प्रिंट काढून एका मंडळाच्या मांडवात, आरतीच्या बाजूला लावला.

तुम्ही तिथं असायला हवं होतं. दर्शनाला आलेली माणसं प्रसाद हातात घेऊन नकाशासमोर थांबायची आणि एकच गोष्ट करायची, आपलं घर शोधायची. घर सापडलं की चूक सापडायची. 'आमच्यात एवढं नव्हतं, कमरेपर्यंतच होतं.' 'ही गल्ली तुम्ही सरळ काढलीय, ती वळते.' एका आजींनी सांगितलं, की त्यांच्या वाड्यात दिंडी दरवाजाच्या आत एक रेघ आहे, ती आमच्यातल्या कुणीच पाहिलेली नाही. आम्ही शेजारी वही ठेवली होती. दहा दिवसांत त्यात नव्वदच्या वर दुरुस्त्या आल्या आणि चौदा माणसांनी रविवारी येतो म्हणून नंबर लिहिले. त्यातली नऊ खरंच आली. अडतीस सर्टिफिकेटांनी जे झालं नाही, ते एका चुकलेल्या नकाशानं केलं.

एक गृहस्थ तिसऱ्या दिवशी येऊन हळूच म्हणाले, 'माझ्या घरावरची खूण काढता येईल का? फ्लॅट विकायला काढलाय.' त्यावर आमच्यात दोन तट पडले. एक म्हणे, खरं ते लपवायचं नाही. दुसरा म्हणे, त्यांच्या आयुष्याची कमाई आहे ती. शेवटी आम्ही घराघरावरच्या खुणा काढून गल्लीवार रंग दिले. माझं मन अजूनही दोन्हीकडे आहे.

आता जे सांगायचंय ते सांगायला मला फारसं आवडत नाही, पण ते टाळून ही गोष्ट पुरी होणार नाही.

मांडवातून आलेल्या नऊ जणांत बीकॉमच्या पहिल्या वर्षाचा एक मुलगा होता. बोलायचा कमी, पण हात विलक्षण. त्याची घरं कधी एकमेकांवर चढली नाहीत. दिवाळीच्या सुट्टीत त्यानं बाजारपेठेतल्या एका रस्त्यावरची तीनशेच्या वर दुकानं नावांसकट भरली. सलग आठ रात्री जागून. मला इतका आनंद झाला, की मी ते सगळ्यांना दाखवत सुटले. मग एका दुकानाचं नाव बघून मला शंका आली. ते दुकान दीड वर्षापूर्वी बंद झालं होतं. फोनमधल्या दुसऱ्या, कंपनीच्या नकाशात मात्र ते अजून होतं, अगदी त्याच स्पेलिंगच्या चुकीसकट.

त्यानं नावं तिथून उतरवली होती. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये हे अजिबात चालत नाही. दुसऱ्याच्या मालकीच्या नकाशातली माहिती आपल्यात आली, तर सगळ्यांनी मिळून केलेल्या कामावरच प्रश्नचिन्ह लागतं. ती काढावीच लागते. नियम बरोबरच आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

पण मी काय केलं? रात्री पावणेबाराला आमच्या तेवीस जणांच्या ग्रुपवर लिहिलं, 'हे सगळं कॉपी आहे. असं करायचं नसतं एवढंही कळत नाही का? सगळं काढून टाकावं लागणार आता.' आणि अर्ध्या तासात त्याची आठ रात्रींची कमाई पुसून टाकली. सकाळी उठले तेव्हा तो ग्रुपमधून बाहेर पडला होता.

मी फोन केला, उचलला नाही. माफीचा मेसेज केला. दहा-बारा दिवसांनी उत्तर आलं. 'ताई, चूक माझीच आहे. पण पहिल्या दिवशी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.'

मी माझ्या जुन्या निरोपांमध्ये गेले आणि केरळच्या त्या माणसाचं २०१९ मधलं लिखाण पुन्हा वाचलं. त्यानं दुसरं टोक माझ्यासाठी का सोडलं होतं, ते मला तेव्हा कळलं. त्यानं दोन्ही टोकं जोडून टाकली असती, तर मी बहुधा दुसरी गल्ली काढलीच नसती.

खरंच, आमच्यात कुणीच कुणाला पहिल्या दिवशी काही सांगत नव्हतं. चहा द्यायचो, कागद द्यायचो, कामाला लावायचो. त्यानंतर मी एक पानभर मजकूर लिहिला, मराठीत. रोज पोटासाठी लोकांच्या वेबसाइटवरचा मजकूर लिहिते, पण या एका पानाला मला चार दिवस लागले. कुठून माहिती घ्यायची, कुठून घ्यायची नाही आणि का, गल्ली जोडायची म्हणजे काय, आणि शेवटी मोठ्या अक्षरात: चुकलात तर बिघडत नाही, जुनं सगळं परत आणता येतं. अण्णांनी ते वाचून दोन ऱ्हस्व-दीर्घ सुधारून दिले. आणि एक ठरलं, की चूक ग्रुपवर सांगायची नाही; ज्याची आहे त्याच्याच शेजारी बसून, त्याच्याच हातानं दुरुस्त करायची.

तो मुलगा अजून आलेला नाही. बाजारपेठेतल्या त्या रस्त्यावरची बरीच दुकानं नकाशात अजून कोरी आहेत. बाकीचे म्हणतात, भरून टाकू या, एका रविवारचं काम आहे. मीच थांबवून ठेवलंय. हा शुद्ध वेडेपणा आहे, हे मला कळतं.

२०२३ मध्ये मला पुण्यात नोकरी लागली. जाताना वाटत होतं, आता रविवार बंद पडणार. पहिले दोन महिने मी दर शनिवारी रात्री ग्रुपवर आठवण टाकायचे. एकदा विसरले. रविवारी दुपारी बारा वाजता लक्षात आलं आणि जीव धस्स झाला. फोन उघडला तर सकाळीच फोटो आलेला. कागद पसरलेला, कोपऱ्यांवर चार कप, आणि आशाताई अण्णांना काहीतरी ठासून सांगतायत. त्यानंतर मी आठवण टाकणं बंद केलं. आता महिन्यातून एकदा जाते, तेव्हा नवी माणसं मला विचारतात, 'तुम्ही पहिल्यांदाच आलात का?' आणि ते पान माझ्या हातात ठेवतात.

गेल्या पावसाळ्यात मी मावशीकडे होते. बाहेर रिपरिप चालू होती, टीव्हीवर कोयनेच्या विसर्गाचे आकडे सांगत होते आणि मावशी भजी तळत होती. मी तिला माझ्या फोनवर तिची गल्ली दाखवली. गल्ली, बोळ, मारुतीचं देऊळ, गिरणी. एवढ्या वर्षांत दाखवायचं राहूनच गेलं होतं. तिनं हात पुसले, चष्मा लावला आणि बराच वेळ बघत राहिली. मला वाटलं, तिला ते तीन दिवस आठवले असतील.

'गिरणीचं नाव चुकलंय,' ती म्हणाली. 'ती आता त्यांच्या सुनेच्या नावानं आहे. दोन वर्षं झाली की.'

मी फोन परत घ्यायला हात पुढं केला. मग थांबले. पुसायचं कुठं आणि लिहायचं कुठं, तेवढं दाखवलं. तिनं एका बोटानं, एकेक अक्षर शोधत, सुनेचं नाव लिहिलं. जोडाक्षर काही केल्या जमेना. भजी करपली. मी गॅस बंद केला आणि तिच्या शेजारी बसून राहिले.